पोटातली चौदा इंजेक्शने

जानेवारी 2025 मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता पट्ट्यात, किरकटवाडी, नांदेड, धायरी या भागांत, हातापायांतले बळ एकाएकी जाणारे रुग्ण वाढू लागले आणि गुइलेन बॅरे सिंड्रोम, म्हणजे जीबीएस, हे अवघड नाव मराठी वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर आले. रुग्णांचा आकडा पुढे दोनशेच्या वर गेला. त्या साथीतला पहिला संशयित मृत्यू मात्र पुण्यात नव्हे, सोलापुरात नोंदला गेला. पुण्यात राहणारा आणि आजारपणात सोलापूरच्या खासगी रुग्णालयात दाखल झालेला तो रुग्ण होता. त्या दिवसांत जो तो एकच प्रश्न विचारत होता, की दूषित पाण्यातून पोटात गेलेला जंतू माणसाचे हातपाय लुळे कसे करतो. डॉक्टर उत्तर देत होते, की हातपाय लुळे जंतू करत नाही, शरीराची प्रतिकारशक्ती करते. कॅम्पिलोबॅक्टर या जंतूच्या बाहेरच्या आवरणातली साखर आणि आपल्या मज्जातंतूंवरची साखर यांत साम्य असते, म्हणून जंतूवर सोडलेली प्रतिपिंडे घरच्याच तंतूंवर तुटून पडतात. ऐकणाऱ्यांना हे नवल वाटले. पण शरीर स्वतःच्या मज्जासंस्थेवर उलटते, हे ज्ञान आपल्या जिल्ह्या-जिल्ह्यांच्या सिव्हिल हॉस्पिटलांना परके नव्हते. ते तिथे वेगळ्या वाटेने आले होते, कुत्रा चावल्यावर पोटात घ्यायच्या चौदा इंजेक्शनांच्या वाटेने.

मल्टिपल स्क्लेरॉसिस या आजारावर आज जी औषधे दिली जातात, त्यांचा इतिहास साधारणपणे न्यूयॉर्क, रेहोवोत, स्टॅनफर्ड अशा प्रयोगशाळांच्या नावांनी सांगितला जातो. ती नावे खरी आहेत. पण त्या प्रयोगशाळांना मुळात जो प्रश्न पडला, तो माणसांच्या अंगावर आधी घडलेल्या एका अपघातातून आला होता. ती माणसे म्हणजे कुत्रा चावला म्हणून मेंदूपासून बनवलेली लस टोचून घेतलेले रुग्ण. अशी लस सर्वाधिक काळ आणि सर्वाधिक लोकांना जिथे टोचली गेली, त्या देशांत भारत अग्रभागी होता. म्हणून या संशोधनाच्या इतिहासात सोलापूर, लातूर, धाराशिव, कलबुर्गी असल्या गावांची जागा तळटीपेतही नसावी, हा अन्याय तर आहेच, पण इतिहास म्हणूनही ती चूक आहे.

आधी आजार समजून घेऊ. मज्जातंतूभोवती मायलिन नावाचे स्निग्ध आवरण असते. सोलापूरच्या माणसाला ते मागावरच्या ताण्याच्या उदाहरणाने चटकन कळेल. ताण्याच्या सुताला खळ दिलेली असते म्हणून ते घर्षण सोसते, आणि खळ उडाली की सूत जागेवर असूनही माग नीट चालत नाही. उदाहरण इथवरच पुरते, कारण मायलिन नुसते जपत नाही, संदेशाचा वेगही वाढवते. हे आवरण हातापायांकडे जाणाऱ्या तंतूंवर उडाले की जीबीएसचा नेहमीचा प्रकार, आणि मेंदू व मज्जारज्जूच्या आत जागोजागी, पुन्हा पुन्हा उडत राहिले की मल्टिपल स्क्लेरॉसिस, म्हणजे एमएस. जीबीएस आठवड्यांत चढतो आणि बहुतेकांचा महिन्यांत ओसरतो. एमएस वीस ते चाळीस या वयात गाठतो, कधी एका डोळ्याची नजर मंद करतो, कधी पायांत बधिरपणा आणतो, कधी तोल घालवतो, ओसरल्यासारखा वाटतो आणि परत येतो. दोन आजार वेगळे, पण त्यांच्यामागचा तर्क एकाच घराण्यातला. आणि या दोन्ही घरांत एकाच दाराने शिरता येते, हे पहिल्यांदा ठळकपणे दाखवले ते कुत्र्याच्या इंजेक्शनाने.

6 जुलै 1885 रोजी लुई पाश्चर यांनी जोसेफ माइस्टर या मुलाला पिसाळलेल्या सशाच्या वाळवलेल्या मज्जारज्जूपासून केलेली लस टोचायला सुरुवात केली. मुलगा जगला आणि जगभर पाश्चर संस्था निघू लागल्या. हिंदुस्थानात अशी पहिली संस्था कसौलीला 1900 मध्ये निघाली, तर दक्षिणेतली कुन्नूरला 1907 मध्ये. त्याआधी कुत्रा चावलेल्या गोऱ्या शिपायांना थेट पॅरिसला पाठवत. देशी माणसाला मात्र मिरची, चुना आणि देवाचा अंगारा यांच्याखेरीज फारसे काही नव्हते. संस्था निघाल्या तरी अडचण संपली नाही, कारण पाश्चर पद्धतीची लस नाजूक होती आणि माणसाने संस्थेपर्यंत जायचे होते. सोलापुरात रेल्वे 1860 मध्ये आली होती, पण करमाळ्याच्या किंवा सांगोल्याच्या शेतमजुराने कुत्रा चावल्यावर कसौली गाठायची म्हणजे मुलूख ओलांडून जायचे. ही अडचण डेव्हिड सेंपल या लष्करी डॉक्टरने सोडवली. त्याने 1911 मध्ये मेंदूच्या लगद्यातला विषाणू कार्बोलिक आम्लाने मारण्याची पद्धत मांडली. मारलेली लस टिकत होती, बाटलीत भरून पाठवता येत होती. आता रुग्णाला लसीपर्यंत नेण्याऐवजी लस रुग्णापर्यंत जाऊ लागली. मुंबईच्या परळमधल्या प्रयोगशाळेला 1925 मध्ये हाफकिन इन्स्टिट्यूट हे नाव मिळाले. मुंबई इलाख्याला लागणारी लस तिथे तयार होऊ लागली आणि जिल्ह्याचे सिव्हिल हॉस्पिटल हे कुत्र्याच्या इंजेक्शनाचे ठिकाण झाले.

त्या लसीत काय होते, हे सरळ सांगितले पाहिजे. मेंढीच्या मेंदूत विषाणू वाढवायचा, मेंदू काढून वाटायचा, शेकडा पाच या प्रमाणात द्रावण करायचे, विषाणू मारायचा आणि ते द्रावण माणसाच्या पोटाच्या कातडीखाली रोज टोचायचे. पोटच का, तर द्रावण भरपूर असे आणि तिथली सैल कातडी ते सामावून घेई. इंजेक्शन पोटाच्या आत जात नसे, पण लोकांच्या बोलण्यात ते कायमचे पोटातले झाले. चौदा हा आकडाही तिथूनच रूढ झाला. प्रत्यक्षात जखमेचा वर्ग पाहून इंजेक्शनांची संख्या आणि मात्रा कमीजास्त होत असे. एकही दिवस चुकवून चालत नसे, म्हणून खेड्यातल्या माणसाला दोन आठवडे शहरात नातेवाइकाकडे किंवा धर्मशाळेत मुक्काम करावा लागे, नाहीतर रोज एसटीने ये-जा. गिरणीतल्या किंवा यंत्रमागावरच्या कामगाराचा चौदा दिवसांचा रोज बुडे. सोलापूरचे सरकारी वैद्यकीय महाविद्यालय 1963 मध्ये सुरू झाले आणि त्याला डॉ. वैशंपायन यांच्या स्मरणार्थ नाव मिळाले. त्यानंतर सिव्हिलचा आवाका वाढून मराठवाडा आणि उत्तर कर्नाटकातूनही माणसे येऊ लागली. शहरात मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू बोलणारी माणसे एकत्र राहतात. या चारही भाषांतल्या आयांनी पोरांना रस्त्यावरच्या कुत्र्यांपासून दूर ठेवायला या इंजेक्शनांचाच धाक घातला असणार.

या लसीने असंख्य जीव वाचवले, यात शंका नाही. पण काही जणांना चौदा दिवस पुरे होण्याच्या सुमारास ताप येई, पाय जड पडत, लघवी अडे, कमरेखालचा भाग लुळा होई. काहींची शुद्ध हरपे. काही आठवड्यांनी पूर्ण बरे होत, काही पांगळे राहत, काही दगावत. पहिला संशय साहजिकच लसीतला विषाणू जिवंत राहिला असावा असा. पण मेलेल्यांच्या मेंदूची तपासणी केली की पिसाळीच्या खुणा सापडत नसत. सापडे ते वेगळेच. बारीक शिरांच्या भोवती पांढऱ्या पेशींची गर्दी आणि तेवढ्याच जागी मायलिन उडालेले. हे किती जणांना होई, याचे अंदाज देशोदेशी फार वेगळे आहेत. कुठे अनेक हजारांत एक, तर बँकॉकमधल्या काटेकोर नोंदीत काही शेकड्यांत एक. या तफावतीचे एक कारण लसीच्या बनावटीतला फरक हे होते आणि दुसरे, माझ्या मते मोठे, कारण नोंद ठेवण्यातला फरक. जिथे पंधराव्या दिवशी माणूस आपल्या गावी परत जातो आणि विसाव्या दिवशी त्याचे पाय जातात, तिथे त्या पायांचा हिशेब लसीच्या वहीत येत नाही.

न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत टॉमस रिव्हर्स यांनी नेमका हाच प्रश्न हाती घेतला. लस घेतलेल्यांना लकवा होतो तो विषाणूमुळे की मेंदूच्या लगद्यामुळे? त्यांनी 1933 मध्ये, विषाणूचा काही संबंध नसलेला निरोगी सशाचा मेंदू माकडांना पुन्हा पुन्हा टोचला. डझनावारी इंजेक्शने झाल्यावर काही माकडे लुळी पडली आणि त्यांच्या मेंदूत मायलिन उडालेले सापडले. 1935 मध्ये सहकारी श्वेन्टकर यांच्यासह त्यांनी हे आणखी पक्के केले. दोष विषाणूचा नव्हता. परक्या प्राण्याचा मेंदू टोचून शरीराला मेंदूचीच ओळख शत्रू म्हणून करून दिली जात होती, आणि मेंढीचे मायलिन व माणसाचे मायलिन यांतला फरक ओळखण्याइतकी प्रतिकारशक्ती सूक्ष्म नसते. प्रयोगशाळेत प्राण्यांना मुद्दाम जडवलेल्या या आजाराला पुढे प्रायोगिक ॲलर्जिक एन्सेफलोमायलायटिस, थोडक्यात ईएई, हे नाव पडले. 1947 मध्ये एल्विन कॅबट यांनी प्रतिकारशक्ती चेतवणारे फ्रॉइंडचे तेलकट मिश्रण लगद्यात मिसळून तो काही आठवड्यांतच जडवून दाखवला. 1960 च्या सुमारास फिलिप पॅटरसन यांनी आजारी उंदरांच्या पांढऱ्या पेशी निरोगी उंदरांत घालून आजार दुसरीकडे नेता येतो हे सिद्ध केले. एमएसवर औषध शोधणाऱ्या प्रत्येकाने पुढची अर्ध्या शतकाहून अधिक वर्षे ज्या प्राण्यावर पहिला हात चालवला, तो ईएई झालेला उंदीर होता. त्या उंदराची वंशावळ मागे नेली की आपण रिव्हर्स यांच्या माकडांपर्यंत पोचतो, आणि आणखी एक पायरी मागे गेलो की सिव्हिलच्या व्हरांड्यात रांगेत उभ्या असलेल्या, कुत्रा चावलेल्या माणसापर्यंत.

औषधांची हकिगत या वंशावळीला पुष्टी देते. इस्रायलमधल्या रेहोवोतच्या वाइझमन संस्थेत मायकेल सेला, रूथ आर्नोन आणि द्वोरा टाइटेलबॉम यांनी मायलिनमधल्या एका प्रथिनासारखी दिसणारी कृत्रिम साखळी बनवली ती ईएई जडवण्यासाठी. ती जडवायच्या ऐवजी आजार रोखू लागली. त्यांचा निबंध 1971 मध्ये निघाला आणि ग्लॅटिरामर या नावाने ते औषध अमेरिकेत 1996 मध्ये मान्य झाले. 1992 मध्ये पांढऱ्या पेशींना मेंदूच्या शिरांना चिकटू न देणारे प्रतिपिंड ईएई थोपवते असे दिसले आणि त्यातून नॅटालिझुमॅब हे औषध 2004 मध्ये बाजारात आले. मेंदूच्या एका घातक संसर्गामुळे काही महिन्यांतच ते मागे घ्यावे लागले आणि 2006 मध्ये कडक अटींवर परत आले. त्याआधी 1993 मध्ये आलेले इंटरफेरॉन बीटा मात्र या घराण्यातले नाही. ते विषाणूविरोधी औषध म्हणून या आजाराकडे आले होते. इतिहास एका रांगेत चालत नाही, म्हणून हेही सांगितले पाहिजे.

जनुकांच्या अभिव्यक्तीचे संशोधन हा या हकिगतीचा अलीकडचा अध्याय. शरीराच्या जवळजवळ प्रत्येक पेशीत जनुके तीच असतात. कोणती चालू आणि कोणती बंद, यावर पेशी काय करते हे ठरते. चालू जनुकांचा आरएनए मोजता येऊ लागला, तोही एका वेळी हजारो जनुकांचा, तेव्हा आजारी मेंदूत काय चालले आहे याची यादीच हाती आली. 2002 मध्ये स्टॅनफर्डच्या लॉरेन्स स्टाइनमन यांच्या गटाने एमएसच्या रुग्णांच्या मृत्यूनंतर मिळालेल्या मेंदूतील, मायलिन उडालेल्या ताज्या आणि जुन्या डागांची अशी तपासणी केली. ताज्या डागांत एक जनुकसंच चढलेला, जुन्यांत दुसराच. यादी तर मिळाली, पण यादीतले कोणते जनुक आजार घडवते आणि कोणते नुसते आजारासोबत हजर असते, हे यादी सांगत नाही. ते ठरवायला त्यांना परत ईएईकडेच जावे लागले. ताज्या डागांत चढलेला एक घटक उंदरांना दिला तर सुरुवातीचा आजार हलका झाला. जुन्या डागांत चढलेल्या दुसऱ्या घटकाचे जनुकच नसलेले उंदीर दीर्घ आजारापासून बचावले. एकाच आजाराच्या दोन अवस्थांना दोन वेगळे उपचार लागतील, हा त्यातला धडा आज सर्वमान्य आहे. इंटरफेरॉन घेणाऱ्या रुग्णाच्या रक्तात एमएक्सए नावाच्या जनुकाची हालचाल मोजून औषध लागू पडते आहे की नाही हे ओळखता येते, तेही याच विद्येचे फळ.

कुत्र्याच्या लसीपासून एमएसच्या औषधांपर्यंतच्या या वंशावळीवर पहिला आक्षेप वैद्यकातला जाणकार घेईल. लसीने होणारा लकवा हा एकदाच येणारा आजार. एमएस आयुष्यभर पुन्हा पुन्हा येणारा. पहिला दुसऱ्याचा पूर्वज कसा? आक्षेपात तथ्य आहे, आणि दोन्ही एकच आहेत असे म्हणणे चुकीचे ठरेल. पण हाच प्रश्न जपानमध्ये उचिमुरा आणि शिराकी यांनी 1957 मध्ये कुत्र्याची लस घेऊन दगावलेल्यांच्या मेंदूंची तपासणी करून सोडवण्याचा प्रयत्न केला. काही रुग्णांत त्यांना नेहमीचे शिरांभोवतीचे बारीक डाग दिसले, तर काहींत एमएसच्या डागांशी नाते सांगणारे मोठे, कडा स्पष्ट असलेले डाग. म्हणजे माणसाच्या शरीरात एका टोकाला एकदाच येणारा अपघात आणि दुसऱ्या टोकाला एमएस, अशी एक सलग पट्टी असू शकते. 1987 मध्ये थायलंडच्या थिरवत हेमचुधा आणि सहकाऱ्यांनी सेंपल लसीने आजारी पडलेल्यांच्या रक्तात मायलिनच्या मूळ प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडे दाखवली, तेव्हा उंदरांवरून बांधलेला तर्क प्रथमच माणसात इतक्या थेटपणे तपासला गेला. त्याच्या तीन वर्षे आधी बेंगळुरूच्या निम्हान्स या संस्थेतूनही लसीच्या मज्जासंस्थेवरील दुष्परिणामांचा अभ्यास प्रसिद्ध झाला होता. मज्जासंस्थेच्या स्वप्रतिकारक आजाराचे कारण, तारीख आणि मात्रा तिन्ही ठाऊक असलेले माणसांतले उदाहरण यापेक्षा स्वच्छ क्वचितच मिळेल. एमएसच्या रुग्णाला पहिला धक्का कधी आणि कशाने बसला, हे आजही कोणी सांगू शकत नाही. इथे ते केसपेपरवर लिहिलेले असे.

दुसरा आक्षेप उलट बाजूने येतो. ईएईने संशोधकांना अनेकदा फसवले, मग त्याच्या पूर्वजाचे एवढे कौतुक कशाला? फसवले हे खरे. गॅमा इंटरफेरॉन उंदरांना ईएईपासून वाचवते, पण 1987 मध्ये रुग्णांना दिले तर आजार भडकला. टीएनएफ हा दाह वाढवणारा घटक रोखणारे औषध उंदरांत उपयोगी ठरले आणि 1999 च्या चाचणीत रुग्णांची प्रकृती बिघडली. सर्वांत मोठा चकवा बी पेशींचा. टी आणि बी हे पांढऱ्या पेशींचेच दोन प्रकार. उंदरांवरून सगळा दोष टी पेशींचा मानला गेला, आणि मग 2008 मध्ये बी पेशी नष्ट करणारे रिटुक्सिमॅब एमएसमध्ये झपाट्याने गुण देते असे दिसले. आज भारतातल्या एमएसच्या उपचारात हे औषध फार महत्त्वाचे आहे, कारण देशी कंपन्यांनी बनवलेले त्याचे समरूप परदेशी औषधांच्या मानाने स्वस्त पडते. पण हा आक्षेप माझ्या मुद्द्याला कमजोर करत नाही, बळच देतो. प्रतिपिंडे बी पेशींच्या वंशातून येतात, आणि लस घेतलेल्या माणसांच्या रक्तात प्रतिपिंडे आहेत हे बँकॉकने 1987 मध्येच सांगितले होते. उंदीर जिथे चुकत होता, तिथे माणूस इशारा देत होता. तो इशारा अधिक गावांतून, अधिक रुग्णांतून, अधिक काळजीने टिपला गेला असता तर बी पेशींकडे लक्ष लवकर गेले असते काय, हे आता ठरवता येणार नाही. मात्र उंदरांवर एवढा भरवसा ठेवताना माणसांचा पुरावा दुय्यम मानला गेला, एवढे नक्की.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर. पिसाळीचा आजार एकदा उघडा पडला की मृत्यू ठरलेला. भारतात वर्षाला सुमारे वीस हजार माणसे त्याने मरतात असा अंदाज या शतकाच्या सुरुवातीला मांडला गेला होता. अशा वेळी काही हजारांत एकाला लकवा झाला म्हणून लस वाईट ठरवायची काय? अजिबात नाही. 1911 मध्ये, 1930 मध्ये, 1960 मध्येही हाच निर्णय बरोबर होता. तुलनेसाठी अमेरिकेचे उदाहरण पाहा. 1976 मध्ये तिथे स्वाइन फ्लूच्या लसीनंतर दर लाखामागे सुमारे एक जादा जीबीएसचा रुग्ण दिसला आणि सरकारने साडेचार कोटी लोकांना टोचून झाल्यावर मोहीम थांबवली. पण फ्लूची ती साथ आलीच नव्हती, आणि आपल्या गल्लीतले कुत्रे रोज चावत होते. दोन निर्णय एका तराजूत घालता येत नाहीत. मात्र काळ बदलला तसा तराजूही बदलायला हवा होता. पेशींवर वाढवलेली, मेंदूचा अंशही नसलेली लस 1970 च्या दशकात उपलब्ध झाली. जागतिक आरोग्य संघटना 1980 च्या दशकापासून मेंदूची लस बंद करा असे सांगत होती. भारतात ती बनणे थांबले 2004 च्या अखेरीस. मधल्या वीस-बावीस वर्षांत ज्याच्या खिशात पैसे होते तो दंडात पाच इंजेक्शने विकत घेऊन घरी गेला, आणि ज्याच्या खिशात नव्हते तो सिव्हिलला जाऊन पोट पुढे करत राहिला. नवी लस महाग होती, ही अडचण खरी. पण कातडीच्या थरात थोड्या मात्रेत ती देऊन खर्च कित्येक पटींनी कमी करण्याची पद्धत थायलंडने आपल्या बऱ्याच आधी अंगीकारली, आणि आपल्याकडे तिला परवानगी 2006 मध्ये मिळाली. सेंपल यांचा शोध दोषी नाही. तो कधी थांबवायचा हे न ठरवणारी व्यवस्था दोषी आहे.

एमएस हा गोऱ्यांचा आजार, आपल्याला त्याच्या इतिहासाशी काय देणेघेणे, असेही म्हणता येईल. थंड देशांत तो जास्त, उष्ण देशांत कमी, हे निरीक्षण जुने आणि बऱ्याच अंशी खरे आहे. पण मुंबई-पुण्याच्या पारशी समाजात नादिर भरुचा आणि नोशिर वाडिया यांच्या पाहण्यांत 1988 ते 1990 या काळात तो भारतात मानला जाई त्यापेक्षा कितीतरी अधिक आढळला. एमआरआय यंत्रे जसजशी गावोगाव पोचली तसतसे बाकीच्या समाजातही निदान वाढत गेले. ज्याला पूर्वी अंगावरून वारे गेले म्हणत, त्यातल्या एखाद्या तरुणीला प्रत्यक्षात एमएस असू शकतो. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने मान्य केलेल्या 21 दिव्यांगत्वांत त्याचे नाव आहे. 2022 मध्ये अमेरिकी सैनिकांच्या सुमारे एक कोटी नोंदींवरून असे दिसले, की एपस्टाइन-बार या सामान्य विषाणूची लागण झाल्यावर एमएसचा धोका सुमारे बत्तीस पट वाढतो. त्याच वर्षी त्या विषाणूचे एक प्रथिन आणि मेंदूतले एक प्रथिन यांतले साम्यही दाखवले गेले. परक्याशी साम्य आणि घरच्यावर हल्ला, हा तोच तर्क, जो मेंढीच्या मेंदूने शिकवला आणि पुण्याच्या दूषित पाण्याने पुन्हा समोर आणला. शिवाय त्या अमेरिकी निष्कर्षाचा आधार कोणते अजब यंत्र नव्हते. सैनिकांचे जपून ठेवलेले रक्त आणि वर्षानुवर्षे न चुकता भरलेल्या नोंदी, एवढेच त्याचे भांडवल होते.

म्हणूनच नोंदींचा मुद्दा किरकोळ नाही. या विषयाचे जुने निबंध चाळले तर टोकियो, बँकॉक, बेंगळुरू ही नावे ठळक दिसतात. जिल्ह्याच्या सिव्हिलांची नावे तशी दिसत नाहीत, आणि खरी गर्दी तर तिथेच होती. जीबीएसच्या साथीत चित्र थोडे बदलले. सोलापुरातल्या त्या रुग्णाचे शवविच्छेदन सरकारी महाविद्यालयात झाले, नमुने पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेकडे गेले, पुण्यातल्या रुग्णांचे शौचाचे नमुने आणि विहिरींचे पाणी तपासले गेले. हे काम साथ संपली की थांबू नये. पोटातली इंजेक्शने घेतलेली पिढी अजून आपल्यात आहे. ज्यांना त्या काळात इंजेक्शनांनंतर पायांची कमजोरी, नजरेचा दोष किंवा लघवीचा त्रास झाला, त्यांनी ती हकिगत आज मज्जासंस्थेच्या डॉक्टरांना तारखेसह सांगावी, आणि सोलापूरच्या वैद्यकीय महाविद्यालयाने अशा हकिगती गोळा कराव्यात. हे काम उशिराचे असले तरी निरुपयोगी नाही.

दुसरी विनंती सर्वांनाच. चौदा इंजेक्शनांची भीती लस बदलली तरी गेलेली नाही, आणि तिच्यापायी आजही माणसे कुत्रा चावल्यावर हळद-चुना लावून घरी बसतात. आजच्या लसीत कुठल्याही प्राण्याचा मेंदू नसतो, ती दंडात किंवा कातडीच्या थरात देतात, चार-पाच खेपांत पुरी होते आणि सरकारी रुग्णालयात मोफत मिळते. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी सिव्हिलला जा.